'काही नाही' या उत्तरावर समाधानी कसे राहावे

आपल्या घरी बारा-तेरा वर्षांचे मूल असेल आणि ते अलीकडे गप्प गप्प राहत असेल, तर त्याच्या खोलीच्या दाराशी जाऊन, हातातला मोबाईल खाली न ठेवता, 'काय झाले?' असे विचारावे. 'काही नाही' हे उत्तर आले की आपले कर्तव्य संपले. या वयात राग, लाज, भीती आणि एकटेपणा यांची अशी गुंतवळ होते की आपल्याला नेमके काय वाटते आहे हे मुलालाच सांगता येत नाही. पण ती अडचण त्याची आहे.

चिडचिडीबाबत तर अगदी निश्चिंत असावे. नैराश्य म्हणजे कोपऱ्यात बसून डोळे पुसणे. आपले कार्टे तर दार आपटते आणि समोरचे शीत-हुमणाचे, म्हणजे भात आणि माशांच्या कालवणाचे, ताट सरकवते. किशोरवयातले नैराश्य पुष्कळदा उदासीऐवजी चिडचिडीच्या रूपाने दिसते, असे डॉक्टर म्हणतात खरे, परंतु आपल्या घराण्याचा तापट स्वभाव त्यांना कुठे ठाऊक?

एखादी संध्याकाळ रुसण्यात गेली म्हणजे तो आजार नव्हे. (तेवढ्यावरून नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात 'डिप्रेशन' जाहीर करणारे पालकही आहेत, त्यांच्यासाठी वेगळा लेख लागेल.) सकाळची उदासी रात्रीपर्यंत आणि आजची उद्यापर्यंत रेंगाळू लागली, जवळजवळ रोज असे होत दोन आठवडे उलटले, आणि झोप, भूक, फुटबॉल सगळेच सुटत चालले, तरीही दिवस मोजू नयेत. गुण घसरेपर्यंत थांबावे, म्हणजे निदान शिकवणी लावता येते. एक तृतीयांश मानसिक आजार वयाच्या 14 व्या वर्षाआधीच सुरू होतात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिला दहावीचे वेळापत्रक माहीत नसावे.

पाहुण्यांना मात्र पणजीतला संमोहनतज्ज्ञ आबे फारियांचा पुतळा अवश्य दाखवावा आणि संमोहनाची शक्ती संमोहकात नसून समोरच्याच्या मनात असते, हे एका गोंयकाराने पॅरिसला ऐकवले, असे अभिमानाने सांगावे. स्वतःच्या मुलाच्या मनासाठी बांबोळीच्या मनोरुग्णालयात जायची वेळ आलीच, तर गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ) तिथेच असल्याने 'हाडांच्या डॉक्टरकडे चाललो' म्हणता येते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक विनाशुल्क आहे, तेव्हा त्यात काही दम नसणार.

चवथीला (गणेश चतुर्थीला) सगळे गोतावळे जमले असता मूल आतल्या खोलीतून बाहेर आले नाही, तर 'इतक्या नेवऱ्या (करंज्या) असताना रडायला काय झाले?' असे सर्वांदेखत विचारावे. फार वेळ दवडू नये. गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या फळांच्या माटोळीतले तोरिंजन कोणत्या बाजूने मऊ पडू लागले आहे, हे मान वर करून पाहायचे अजून राहिलेले असते.