मरीन नाही, कमर्शियल

"मरीन प्लायसुद्धा नाही हो, साधा कमर्शियल आहे," असं म्हणून मिस्त्रींनी काल माझ्या मामाची बेस गिटार टेबलावर ठेवली. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

मामा सत्तरच्या दशकात ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचा. मामीने माळा साफ केला आणि गिटार माझ्याकडे आली. डोक्यावरचं कंपनीचं नाव कधीच उडालंय, पण घाट थेट फेंडर या अमेरिकन कंपनीच्या जॅझ बेसचा. 1960 साली निघालेलं ते मॉडेल. मनात लाडू फुटू लागले. जुन्या फेंडरच्या मानेच्या बुडाशी तारीख सापडते, आतल्या पॉटवर, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या भागावर, आकडे असतात. 137 म्हणजे सीटीएस कंपनी, पुढचे आकडे वर्षाचे आणि आठवड्याचे. मी पार्किंगमध्ये, उजेडात, स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलो. पॉटवर असलं काही नाही. मागच्या पत्र्यावर मात्र ठसठशीत कोरलेलं: 'स्टील रीइन्फोर्स्ड नेक, मेड इन जपान'. त्या काळी तिकडचे कारखाने एकच माल परदेशी दुकानदारांना हवी ती नावं चिकटवून पाठवायचे. थोडक्यात, बारसं भलत्यानेच केलेलं.

शेजारी वरच्या मजल्यावरच्यांच्या कपाटांना पॉलिश चाललं होतं. मिस्त्री आले. हे काय वाद्य आहे, वाजतं का, कुणाचं, एक अक्षर विचारलं नाही. मान काढल्यावर जो खाचा उघडा पडतो, तिथे रंग नव्हता. लाकडाच्या आडव्या पट्ट्या स्वच्छ दिसत होत्या. त्यांनी अंगठ्याच्या नखाने त्या मोजल्या आणि वरचा निकाल दिला. मग मी "अहो, अहो" करेपर्यंत थिनरचा बोळा आतल्या कडेला घासलासुद्धा. रंग ढिम्म हलला नाही.

"पॉलिस्टर. जाड मारलंय."

हीच परीक्षा मी रात्रभर वाचत होतो. जुन्या फेंडरवरचं नायट्रो लॅकर थिनरने विरघळतं, पॉलिस्टर दाद देत नाही. यांना अर्धं मिनिट लागलं. माणूस चुकला असता तर निदान भांडता आलं असतं.

"ड्युको मारून देतो. कलर बोला."

"मला रंग द्यायचाच नाहीये."

"मग उघडलं कशाला?"

याला उत्तर नसतं. तरी मी सांगितलं, की जुन्या वाद्याचा मूळ रंग काढला की किंमत निम्मी होते. "प्लायवूडची?" मिस्त्री म्हणाले. मी सांगितलं, फेंडरवाले 1995पासून मुद्दाम झिजवलेल्या नव्या गिटारी विकतात, त्याही चढ्या भावाने. मिस्त्रींनी हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला.

"नवीन माल खरवडून?"

"हो."

"आणि गिऱ्हाईक पैसे देतं?"

"हो."

"साहेब, मी तुम्हाला फुकट खरवडून देतो."

वर मीच बोलून गेलो, की साठच्या दशकात फेंडर गाड्यांचेच रंग वापरायचे. ड्युपाँटचे ड्युको आणि ल्युसाइट. लेक प्लॅसिड ब्लू तर कॅडिलॅकचा. "मग मी काय वेगळं बोलतोय?" असं म्हणून मिस्त्रींनी शेड कार्ड काढलं.

आपल्याकडे जुनं दिसलं की हात शिवशिवतातच. गावोगावच्या हेमाडपंती देवळांच्या काळ्या पाषाणाला ऑइल पेंट फासून झालाय. खांबांवरच्या यक्षांचे डोळे कुणीतरी पांढऱ्या रंगाने रंगवतो, ओठ लाल करतो, आणि खाली देणगीदाराचं नाव यक्षापेक्षा मोठं. कुणी हरकत घेतली की त्याला म्हणायचं, तुम्हाला स्वच्छता नको का? मला यावर विनोद सुचत नाही.

गिटारीच्या पाठीवर मामाच्या पट्ट्याच्या बकलचे ओरखडे आहेत. आणि डोक्यावर, तार जिथे खुंटीला गुंडाळतात तिथे, एक काळा, लांबट डाग. पेटती सिगरेट तारेत खोचून ठेवली की पडतो तसा. मामी आजही शपथेवर सांगते की ह्यांनी सिगरेटला कधी हात लावला नाही.

"हे लांबी भरून गायब करतो," मिस्त्री म्हणाले. "सगळे मिळून साडेचार हजार. घरी विचारा."

गिटार शेवटी मामीची, म्हणून तिला फोन लावला. म्हटलं, रंग द्यायचा का विचारतायत, मला वाटतं नको.

"नको काय? चांगली चकचकीत करून घे," मामी म्हणाली. "आणि तो डोक्यावरचा डाग आधी काढायला सांग."

डागाबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं. फोन स्पीकरवर होता. मिस्त्रींनी वहीत 'सोमवार' लिहिलं आणि ॲडव्हान्ससाठी हात पुढे केला.