डब्यावरचे बाराशे

पाऊस आला की घरातले छत्री शोधतात, नेट गेलं की मला. त्यातही सगळ्यात मोठी हाक बाबांची.

जुना राउटर शेवटी शेवटी दुपारी झोप काढायला लागला होता. बंद करून चालू केला की तासभर तरतरीत, मग ये रे माझ्या मागल्या. "त्यात काय एवढं, चांगलासा बघून नवा आण," ही म्हणाली. चांगलासा! कुणासाठी चांगलासा? माझा विंडोजचा लॅपटॉप, कन्येचा मॅक, चिरंजीवांनी भंगारातून उठवून लिनक्स घातलेलं एक यंत्र, हिचा ऑफिसचा लॅपटॉप (नेट क्षणभर जरी हललं तरी त्याचं व्हीपीएन, म्हणजे ऑफिसशी जोडणारी खाजगी वाट, रुसतं आणि पुन्हा पहिल्यापासून ओळख पटवायला लावतं), एक प्रिंटर आणि बाबांचा २००८ सालचा डेस्कटॉप. या सगळ्यांचं एकमेकांशी पटेल असा राउटर मी शोधत होतो.

"बाबा, राउटरला विंडोज-मॅकशी काही देणंघेणं नसतं," चिरंजीव म्हणाले. "पत्र कुठल्या भाषेत आहे हे पोस्टमन बघतो का?" मुलगा बरोबर होता, हे जास्त लागलं. फक्त सेटिंग ब्राउझरमधून करता आलं पाहिजे, एवढंच बघायचं. नाहीतर काही राउटर 'आधी आमचं ॲप घ्या' म्हणून अडून बसतात.

खरा घोळ वायफायच्या पिढ्यांचा. बाबांच्या डेस्कटॉपमधलं कार्ड 'जी' जातीचं, म्हणजे २००३चं मानक, वेग कागदावर ५४ मेगाबिट. लिनक्सवाल्यात २००९चं 'एन', माझ्यात 'एसी', मॅकमध्ये 'एएक्स'. बीनंतर जी, जीनंतर एन, मग एसी, मग एएक्स; ही बाराखडी कुणी कुठे शिकून आलं देव जाणे. २०१८ साली वायफाय अलायन्सला दया आली आणि त्यांनी ४, ५, ६ असे साधे आकडे दिले. नवा राउटर जुन्यांनाही सांभाळून घेतो, पण मॅकचा वेग बाबांच्या डेस्कटॉपला मिळत नाही.

दुकानात पहिला हातात आला तो सहा अँटेनांचा, उताण्या पडलेल्या झुरळासारखा. डब्यावर तळहाताएवढ्या अक्षरांत १२००. मी चष्मा कपाळावर चढवून डबा नाकाशी नेला. खाली मुंगीच्या अक्षरात लिहिलं होतं: ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ८६७ मेगाबिट, २.४ च्या पट्ट्यावर ३००.

"बेरीज ११६७ होते," मी म्हणालो. "वरचे ३३ कुठून आले?"

"राउंड फिगर, सर."

"आणि हे दोन्ही मिळून माझ्या लॅपटॉपला मिळणार?"

"नाही सर. तो एका वेळी एकाच पट्ट्यावर."

म्हणजे नवऱ्याचा पगार, बायकोचा पगार आणि सोफ्याच्या फटीत सापडलेली चिल्लर एकत्र करून ते एका माणसाचं उत्पन्न म्हणून सांगायचं! डबा उलटा केला, तर मागच्या सगळ्या पोर्टवर, म्हणजे वायर खुपसायच्या खाचांवर, १००चा शिक्का. धबधबा ८६७चा, आणि पाणी येणार १००च्या नळीतून. झुरळ परत ठेवलं. शेवटी घेतला तो अगदी साधा, दोन अँटेनांचा. पण पोर्ट गिगाबिटचे, म्हणजे १००च्या दहापट, आणि फर्मवेअरच्या, म्हणजे राउटरच्या पोटातल्या सॉफ्टवेअरच्या, दुरुस्त्या कंपनी अजून नियमित पाठवत होती. 'यात काय बघितलंत?' असं दुकानदाराचा चेहरा म्हणाला.

घरी आल्यावर हौसेने सुरक्षा नव्या डब्ल्यूपीए-३ वर ठेवली, म्हणजे वायफायला सगळ्यात नव्या जातीचं कुलूप लावलं. मॅक लगेच आत. प्रिंटरने तोंड फिरवलं. बाबांच्या पडद्यावर नाव दिसे, पासवर्ड घातला की 'जोडता आले नाही'. दहा वेळा पासवर्ड घातल्यावर बाबांनी, "स्पेलिंग बघ," असा सल्ला दिला. डब्ल्यूपीए-२ आणि ३ दोन्ही चालतील असं केल्यावर प्रिंटर वळला. पुढे दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं दिली, कारण प्रिंटरला २.४ सोडून दुसरं जग ठाऊकच नाही. ५ वेगवान, पण दोन भिंती आड आल्या की मान टाकतो, २.४ लांब जातो, पण मायक्रोवेव्ह लावला की अडखळतो. म्हणून राउटर घराच्या मधोमध, कपाटावर. शोभा जाते म्हणून हिने तो दोनदा टीव्हीमागे लपवला, मी दोनदा परत काढला.

बाबांचं कार्ड काही बधेना. शेवटी भिंतीच्या कडेने केबल नेऊन त्यांच्या डेस्कटॉपला सरळ वायर जोडली. आणि अख्ख्या घरात सगळ्यात भरवशाचं नेट मिळालं ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या यंत्राला!

दोन दिवसांनी मीटिंग चालू असताना आतल्या खोलीत हिचं व्हीपीएन रुसलं. ही लॅपटॉप घेऊन थेट बाबांच्या खोलीत. मागोमाग मी.

"घे गं, काढ ती वायर," बाबा पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले. "मला कुठे लागतेय?"

पडद्यावर पत्त्यांचा डाव लागला होता. त्याला नेट लागतच नाही.

"मग नेट गेलं म्हणून इतकी वर्षं ओरडत का होता?"

बाबांनी लाल राणी काळ्या राजावर ठेवली. "सगळे ओरडायचे म्हणून."