अ‍ॅसिडिटी मुळापासून घालवणाऱ्या त्या मेसेजबद्दल

सध्या प्रत्येक ग्रुपवर तोच मेसेज फिरतोय, बचत गटाच्या ग्रुपवर आला, कॉलनीच्या ग्रुपवर आला, माहेरच्या ग्रुपवर पण आला. थोडक्यात तो असा: छातीत जळजळ होते कारण पोटात अ‍ॅसिड कमी पडतं, म्हणून सकाळी उपाशीपोटी लिंबूपाणी नाहीतर सफरचंदाचं व्हिनेगर घ्या. जेवणानंतर चमचाभर खायचा सोडा, झोपताना थंड दूध, मधे कधीही पुदिना-जिरं-ओवा-ज्येष्ठमधाचा काढा, आणि रोज केळं. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या आजच फेका, किडनी जाते. आणि शेवटी, छातीत दुखलं तरी घाबरू नका, तो गॅसच असतो.

मी अमळनेरला मेडिकलच्या काउंटरवर असते, फार्मसी शिकलेय, आणि हा मेसेज वाचून आलेली माणसं मला रोज भेटतात. घरगुती उपायांना माझा अजिबात विरोध नाही, काही तर मी स्वतः सांगते. पण यात चांगलं आणि धोक्याचं असं काही एकत्र कालवलंय की ते निवडून वेगळं करणं भाग आहे.

आधी ते अ‍ॅसिड कमी पडण्याचं बघू, कारण बाकी सगळं त्यावरच उभं केलंय. पोटातलं अ‍ॅसिड चांगलंच कडक असतं, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं अ‍ॅसिड कडक) साधारण दीड ते साडेतीन. पोटाला आतून बुळबुळीत जाड थर असतो म्हणून त्याला ते सोसतं, अन्ननलिकेला तसा थर नाही. दोघांच्या मधे एक झडप आहे, ती ढिली पडली किंवा नको तेव्हा उघडली की अ‍ॅसिड वर चढतं आणि आग होते, घशाशी आंबट येतं. म्हणजे धरणात पाणी किती हा मुद्दाच नाही, पाटचारीचं गेट नीट बसत नाही हा मुद्दा आहे, गिरणेच्या पाटावर ज्याची शेती आहे त्याला हे लगेच कळेल. आणि अ‍ॅसिड कमी असल्यानेच जळजळ होत असती तर अ‍ॅसिड कमी करणाऱ्या गोळीने ती वाढली असती ना, पण त्या गोळीने तर अन्ननलिकेच्या जखमा भरून येतात. खरंच अ‍ॅसिड कमी असणारी माणसं असतात, पण तो वेगळा आजार आहे, त्यात बी-१२ कमी होतं, रक्त कमी होतं, आणि तो सोडा पिऊन किती मिनिटांत ढेकर आला यावरून घरी ओळखता येत नाही.

आता लिंबू. लिंबू पोटात गेल्यावर अल्कली, म्हणजे अ‍ॅसिडच्या उलट, होतं असं मेसेजवाले ठासून सांगतात. लिंबाचा पीएच दोन-अडीच, पोटात गेलं तरी ते आंबटच राहतं. त्यातल्या सायट्रेटमुळे पुढे लघवीचा आंबटपणा कमी होतो हे खरंय, पण जळजळ लघवीत होत नाहीये, छातीत होतेय! व्हिनेगरचं तसंच, उलट पाणी न घालता घेतलं तर आधीच सोललेली अन्ननलिका अजून पोळते आणि दातांवरचं कवच झिजतं ते वेगळंच.

सोड्याचं मात्र जरा सविस्तर लिहावं लागेल कारण सोडा काम करतो, आणि लगेच करतो, म्हणूनच लोक फसतात. "ताई, छातीमा आग पडी ऱ्हायनी" म्हणत लोक येतात आणि हातात आधीच किराणा दुकानातून घेतलेली सोड्याची पुडी असते. सोडा अ‍ॅसिड मारतो, त्यातून गॅस निघतो, मोठा ढेकर येतो, माणसाला वाटतं सुटलो. पण ही सुटका थोड्या वेळाची. आणि चहाच्या एका सपाट चमचाभर सोड्यात साधारण सव्वा ग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते अख्ख्या दिवसात दोन ग्रॅमच्या आत राहा, म्हणजे मीठ धरलं तर पाच ग्रॅम. आपल्याकडे ताटात पापड, लोणचं, ठेचा आधीच हजर, त्यावर दोन वेळा चमचाभर सोडा म्हणजे बीपीवाल्याचं, हार्टवाल्याचं, किडनीवाल्याचं काय होत असेल विचार करा. पायावर सूज चढलेल्या आजी रोज सोडा घेतात आणि बीपीची गोळी लागू पडत नाही म्हणून तक्रार करतात, असं मी बघितलंय. गरोदर बाईने तर मनाने घेऊच नये. आणि भरल्या पोटावर, तट्ट जेवून झाल्यावर मोठा चमचा सोडा, हे तर कुणीच करू नये, पोटात एकदम एवढा गॅस होऊन पोट फुटल्याच्या घटना डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत, फार क्वचित, पण आहेत. फसफसणाऱ्या तयार पुड्यांमधे पण हाच सोडा असतो, कधीमधी एखादी ठीक, रोजची सवय नको.

थंड दुधाने पहिली काही मिनिटं बरं वाटतं, नंतर दुधातल्या प्रोटीन आणि कॅल्शियममुळे पोट अजून अ‍ॅसिड सोडतं. हे नवीन नाही. शिकागोच्या बर्ट्रम सिपी नावाच्या डॉक्टरांनी १९१५ मधे अल्सरला तासातासाला दूध-साय आणि अल्कली पावडर असा उपचार काढला होता, तो कित्येक वर्षं चालला, आणि त्यातून काही पेशंटच्या रक्तात कॅल्शियम वाढून किडन्या बिघडल्या. कपभर दुधाने असं होणार नाही, पण झोपताना पोटात काहीही टाकायचं हाच सल्ला उलटा आहे.

कारण आपल्याकडे खरी गडबड रात्रीच होते. थंडीत मळ्यात भरीत पार्टी, काड्यांवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, शेंगदाणे आणि वरून हात सैल सोडून तेल, सोबत कळण्याच्या पुऱ्या, जेवायला अकरा वाजतात आणि घरी आल्या आल्या आडवं. किंवा हायवेवरची शेवभाजी, वर बोटभर तर्री. तेलकट अन्न पोटातून लवकर खाली सरकत नाही आणि झडपही ढिली करतं, त्यात आडवं पडलं की अ‍ॅसिडला वर यायला चढसुद्धा राहत नाही. भरीत सोडा असं मी म्हणणार नाही, खान्देशात राहून ते कोण ऐकेल, पण जेवण आणि झोप यात तीन तास ठेवा. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा ते आठ इंच उचला. नुसत्या उश्या वाढवू नका, त्याने पोट दुमडतं आणि दाब वाढतो. डाव्या कुशीवर झोपा. पोट सुटलं असेल तर वजन थोडं उतरलं तरी फरक पडतो. आणि तंबाखू! मेसेजमधे तंबाखूचा एक शब्द नाही. निकोटीनने ही झडप सैल पडते, मग ती विडी असो, मळलेली तंबाखू असो की बायका लावतात ती मिसरी असो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तोंडात मात्र अजून आहेच. हे सगळे घरगुती उपायच आहेत की, पैसा लागत नाही, पण काढ्यासारखे फॉरवर्ड होत नाहीत.

काढ्याचं पटकन सांगते. जिरं, ओवा, बडीशेप गॅसला आणि जडपणाला बरं, खुशाल घ्या, फक्त त्याने झडप घट्ट होत नाही. पुदिना उलट झडप सैल करतो, जळजळ असणाऱ्याने जपूनच. ज्येष्ठमध रोज बरेच दिवस घेतला तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं, बीपीवाल्यांनी लांब राहावं. केळं खा, जळगावच्या केळीला २०१६ मधे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, फळ सौम्य आहे, बऱ्याच जणांना चालतं, पण ते औषध नाही.

गोळ्या फेका, याचा मला खरंच राग येतो. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल वर्षानुवर्षं कुणाला न विचारता खाऊ नये हे मी पण सांगते, बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, किडनीला सूज येण्याचे प्रकारही होतात, पण क्वचित. किडनी जातेच असं मात्र नाही. हृदयाच्या सतरा हजारांवर पेशंटवर तीन वर्षं पँटोप्राझोल आणि खोटी गोळी (आत औषधच नाही अशी) अशी तुलना झाली, २०१९ मधे ती छापून आली, त्यात किडनीच्या आजारात फरक दिसला नाही, जुलाबासारखे आतड्याचे संसर्ग तेवढे थोडे जास्त दिसले. दुसरं म्हणजे बरेच दिवस चालू असलेली गोळी झटक्यात बंद केली की अ‍ॅसिड उसळी मारतं, जळजळ वाढते, आणि माणूस म्हणतो बघा गोळीची सवय लागली. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची असते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, गुडघ्यासाठी रोज पेनकिलर खाणाऱ्यांना किंवा अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना ही गोळी पोटातून रक्तस्राव होऊ नये म्हणून दिलेली असते. त्यांनी मेसेज वाचून हीच फेकली आणि बाकीच्या चालू ठेवल्या तर काळी शी होईपर्यंत कळतही नाही. गोळी घ्यायचीच असेल तर नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्या, जेवल्यावर घेऊन 'गुण नाही' म्हणणारे खूप आहेत. घास अडकतोय, वजन उतरतंय, उलटीत रक्त, शी डांबरासारखी काळी, यातलं काही असेल तर काढा नको, दुर्बिणीची तपासणी करा.

राहिलं शेवटचं वाक्य, छातीत दुखलं तरी गॅसच. हार्ट अटॅकची जळजळ आणि अ‍ॅसिडिटीची जळजळ पुष्कळदा सारखीच वाटते, डॉक्टरसुद्धा ईसीजी काढल्याशिवाय सांगत नाहीत. छातीवर दाब, घाम, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, दम लागणं, चालल्यावर वाढणं, हे दिसलं तर गॅस समजू नका. शुगरवाल्यांना आणि बायकांना तर कधी नुसती मळमळ आणि अस्वस्थपणाच होतो. अशा वेळी सोडा-ओवा देऊन तासभर वाट बघत बसू नका, मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नका, पेशंटला चालायला लावू नका, १०८ ला फोन करा, गाडी फुकट येते, आणि जिथे ईसीजी निघतो अशा जवळच्या दवाखान्यात न्या, मग रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.