काचेचा टॉवर पावसात धुऊन निघत नाही

पुनर्विकासाच्या ऐन मतदानाच्या तोंडावर सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘जुनाट छज्जे-बाल्कन्यांचा हट्ट सोडा, फुल ग्लास इलेव्हेशन मागा.’ म्हणजे इमारतीची दर्शनी बाजू पूर्ण काचेची. खाली हिरव्या टिकांसकट सहा मुद्दे. काच ऊन परतवते, म्हणून एसीचं बिल कमी. काचेला रंग लागत नाही आणि ती पावसात आपोआप धुतली जाते, म्हणून मेंटेनन्स शून्य. टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली, काच फुटत नाही. काच हलकी, म्हणून भूकंपात सुरक्षित. रिफ्युज एरिया (आगीच्या वेळी थांबायची जागा) म्हणजे वाया गेलेली जागा, काच लावून तिथे क्लब करा. आणि काचेच्या टॉवरमधल्या फ्लॅटला भाव जास्त. मावशीनं तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘मग हो म्हणून टाकू ना?’ मावशी, थांब जरा.

आधी पाऊस, कारण ‘आपोआप धुतली जाते’ हे लिहिणाऱ्यानं जून महिन्यात काचेच्या इमारतीकडे एकदाही मान वर करून पाहिलेलं दिसत नाही. उन्हाळाभर काचेवर आणि तिच्या आडव्या पट्ट्यांवर धूळ बसते. शहरात ती नुसती माती नसते, शेजारच्या साइटवरचं सिमेंटही त्यात असतं. पहिली सर आली की आडव्या पट्टीवर साचलेलं सगळं खालच्या काचेवर ओघळतं. पाणी वाळतं, क्षार मागे राहतात. समुद्राजवळ त्यात मीठही येतं. असे डाग वेळेवर निघाले नाहीत तर काचेला धरून बसतात. सिमेंटचं पाणी तर अल्कलीयुक्त, ते काचेचा पृष्ठभाग खातं. मग साबणपाण्यानं काम भागत नाही, पॉलिश किंवा आम्लाचा क्लीनर लागतो, आणि तो चुकीचा वापरला की काचेवरचं कोटिंग आणि कडेचे रबरी गॅस्केट दोन्ही खराब होतात.

आता ‘मेंटेनन्स शून्य’चा हिशोब. ३० मजले, मजल्याची उंची ३ मीटर, इमारतीचा घेर ८० मीटर: दर्शनी क्षेत्र झालं ७,२०० चौरस मीटर. त्यात निम्मी काच धरली तरी ३,६०० चौ.मी., म्हणजे सुमारे ३८,७५० चौरस फूट. वर्षातून दोनदा साफ करायची तर साडेसत्त्याहत्तर हजार चौरस फूट. याला तुमच्या भागातला दर लावा आणि सभासदसंख्येनं भागा. तो आकडा मेसेजच्या खाली चिकटवून ग्रुपवर पाठवा.

पण पैशाआधीचा प्रश्न असा की तिथपर्यंत माणूस पोचणार कसा? दोरीवरून उतरायचं तर गच्चीवर भार तपासलेले पक्के अँकर हवेत. झुला लावायचा तर त्याचा पाया, रूळ आणि वीज हवी. हे नकाशातच नसलं तर ताबा मिळाल्यावर कुणीतरी गच्चीत ड्रिल मारून अँकर ठोकतो, वॉटरप्रूफिंगला भोक पडतं आणि वरचा मजला गळायला लागतो. शिवाय इलेव्हेशनला खाचाखोचा आणि पुढे आलेल्या फ्रेम असतील तर सरळ खाली उतरणारी दोरी आतल्या काचेपर्यंत पोचतच नाही. त्या काचा मग कायमच्या मळलेल्या.

काचेला रंग लागत नाही हे खरं आहे, मान्य. पण काच एकटी उभी नसते. दोन काचांमधल्या सांध्यात सिलिकॉन असतं, आणि इमारत गळते ती तिथून. सांधा साधारण १५ ते २० मिलिमीटर रुंद. त्याच्या मागे फोमची दोरी, म्हणजे बॅकर रॉड घालायचा, त्यावर सिलिकॉन रुंदीच्या निम्म्या जाडीचं. घाईत बॅकर रॉड वगळला की सिलिकॉन दोन्ही बाजूंना आणि मागच्या भिंतीलाही चिकटतं. रात्री गारव्यानं काच-पट्ट्या आकसून सांधा ताणला की मग त्याला लांबायला जागा उरत नाही आणि ते फाटतं. मुंबईसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलेला आहे, पुण्यासाठी ३९. एवढ्या वाऱ्यानं पाणी आडवं मारा करतं. फटीतून शिरलेलं पाणी अॅल्युमिनियमच्या पोकळीतून वाहत दोन मजले खाली कुणाच्यातरी छतात उगवतं, आणि मग ‘तुमचंच बाथरूम गळतंय’ची भांडणं सुरू होतात. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून ५ वर्षे. चांगलं सिलिकॉन त्याहून जास्त टिकतं, म्हणजे त्याची पाळी येईल तेव्हा बिल सोसायटीचंच.

आता ऊन आणि एसीचं बिल. इथे मताचा प्रश्नच नाही, सरकारी मोजमाप आहे. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनं डिसेंबर २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको-निवास संहिता’ काढली. तिच्यात इमारतीच्या बाहेरच्या भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत येते हे मोजायचं सूत्र आहे. त्या आकड्याला आरईटीव्ही म्हणतात आणि तो चौरस मीटरमागे १५ वॅटच्या वर जाऊ नये अशी मर्यादा आहे. उष्ण-दमट हवामानाच्या सूत्रात भिंतीचा गुणक ५.१५ आणि काचेतून येणाऱ्या उन्हाचा ६५.२१. फरक नीट बघा. बारा पटींहून जास्त.

सूत्रात साधे आकडे घालू. एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटची) भिंत, छज्जा नाही, एकेरी रिफ्लेक्टिव्ह काच, जी उन्हातली ४० टक्के उष्णता आत सोडते, आणि दिशांची सरासरी. दर्शनी भागात काच ६० टक्के असेल तर उत्तर येतं सुमारे २२. नापास. तीच काच, तीच भिंत, फक्त काचेचं प्रमाण ३० टक्के केलं की उत्तर १३. पास. मिवानची, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली, काँक्रीट भिंत असेल तर दोन्ही आकडे आणखी चढतात, कारण काँक्रीट एएसीपेक्षा उष्णता जास्त वाहून नेतं.

मेसेजवाल्याच्या बाजूनं एक गोष्ट नाइलाजानं सांगावी लागेल. लो-ई, म्हणजे उष्णता परतवणाऱ्या कोटिंगची दुहेरी काच घेतली, जी फक्त २५ टक्के उष्णता आत सोडते, तर ६० टक्के काचेची इमारतही १३ च्या आसपास येते. हायवेला लागून असलेल्या घरात आवाजही कमी येतो, तेही खरं. पण हे करून आपण पोचलो कुठे? जिथे एकेरी काच निम्मी लावून फुकटात पोचलो होतो, तिथेच. आणि करारात ‘डीजीयू, लो-ई, एसएचजीसी ०.२५’ (दुहेरी काच, कोटिंग, आत येणारी उन्हाची उष्णता २५ टक्के) असं लिहिलेलं असतं की ‘प्रीमियम ग्लास’? ‘प्रीमियम’ला काही मोजमाप नाही.

याच संहितेत दुसरी अट आहे, तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. उष्ण-दमट हवामानात उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्र कार्पेट क्षेत्राच्या १६.६६ टक्के हवं, म्हणजे एक षष्ठांश. ६०० चौरस फुटांच्या घराला १०० चौरस फूट. दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी निम्मीच उघडते, म्हणून ती निम्मीच मोजतात. ‘फुल ग्लास’मध्ये बहुतेक काच पक्की बसवलेली असते आणि वरच्या बाजूला बिजागरी असलेली एखादी झडप वीतभर उघडते. मे महिन्यात वीज गेली की या घरात काय होईल? पडदे लावू म्हणाल, तर पडदा काचेच्या आत असतो. ऊन तोवर घरात आलेलं असतं.

छज्जा ‘जुनाट’ ठरवणाऱ्यांसाठी थोडं गणित. मुंबईत मे महिन्यात संध्याकाळी ५ वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम २८ अंशांवर असतो. पश्चिमेच्या खिडकीवर दोन फुटी छज्जा तेव्हा साधारण फूटभर सावली देतो. म्हणजे पश्चिमेला नुसता छज्जाही पुरत नाही. तिथे खोल बाल्कनी हवी किंवा उभ्या पट्ट्या, आणि मेसेज म्हणतो तिथे काहीच नको! मुंबईच्या कंबाला हिलवरची कांचनजंगा ही २८ मजली इमारत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी याच पेचातून काढली. समुद्राचा वारा आणि दृश्य पश्चिमेला, कडक ऊन आणि झोडपणारा पाऊसही तिकडूनच. म्हणून त्यांनी कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या कोरल्या आणि घरं आत ढकलली. जुन्या बंगल्याचा व्हरांडा आकाशात नेला, असं म्हणा हवं तर. ती १९८३ मध्ये पूर्ण झाली. आज कुणी तिला जुनाट म्हणून दाखवावं.

बिल्डरला बाल्कनी का नको असते तेही सांगून टाकतो. मुंबईत २०१२ च्या नियमबदलापूर्वी फ्लॉवरबेड, इलेव्हेशन फीचर वगैरे चटईक्षेत्रात धरत नसत. म्हणून टॉवरांवर फ्लॉवरबेडांचं पीक आलं होतं आणि त्यांतली बरीच हॉलमध्ये गडप झाली. आता ते क्षेत्र मोजलं जातं. त्यामुळे बाहेर काढलेला प्रत्येक फूट विकाऊ खोलीशी स्पर्धा करतो. फॅशनचा यात काही संबंध नाही.

टफन्ड काच फुटत नाही? फुटते. साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते, पण आत निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण राहिला असेल तर बसवल्यावर काही वर्षांनी, कुणी हातही न लावता, एका क्षणात तिचा चुरा होतो. हीट सोक चाचणीत, म्हणजे काच मुद्दाम तापवून ठेवली की, अशा बऱ्याच काचा कारखान्यातच फुटून जातात, सगळ्या नाही. बाल्कनीच्या रेलिंगला एकेरी टफन्ड काच असेल तर ती फुटल्यावर कडेला उरते फक्त हवा. तिथे लॅमिनेटेड काचच हवी. मधल्या थरामुळे फुटली तरी ती जागेवर राहते.

हलकेपणाचा मुद्दा अर्धा खरा. ६-१२-६ ची (६ मिमी काच, १२ मिमी पोकळी, ६ मिमी काच) दुहेरी काच चौरस मीटरला ३० किलो भरते, विटांची नऊ इंची भिंत प्लास्टरसकट चारशेच्या पुढे. पण आजचा टॉवर विटांचा असतोच कुठे? वजन असतं स्लॅब आणि काँक्रीटच्या भिंतींचं, आणि काच लावल्यानं ते हटत नाही. उलट आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकाप्रमाणे ३ मीटरचा मजला भूकंपात १२ मिमीपर्यंत सरकू शकतो. काचेच्या चौकटीत ते सोसायला जागा ठेवली नाही तर काच फुटणार.

आणि रिफ्युज एरिया. हा मुद्दा वाचून खरंच संताप आला. मुंबईत साधारण दर सात मजल्यांनी ठेवलेली ही जागा आग लागल्यावर लोकांनी थांबायची आणि अग्निशमन दलानं तिथून त्यांना बाहेर काढायची. बाहेरच्या बाजूनं उघडी असते ती धूर निघून जावा म्हणून. तिला काच लावली की तिथे धूर कोंडतो. काचेच्या दर्शनी भागासाठी २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत स्पष्ट अटी आहेत: स्लॅबची कड आणि काच यांमधली फट प्रत्येक मजल्यावर अग्निरोधक मालानं बंद हवी, आणि प्रत्येक मजल्यावर एकमेकांपासून १० मीटरच्या आत किमान १ मीटर बाय १ मीटरचा उघडणारा भाग हवा. फट उघडी राहिली तर ती धुराड्यासारखी काम करते. काचेच्या मधल्या पट्ट्यांत एसीपी पत्रा (अॅल्युमिनियमच्या दोन पातळ थरांमध्ये गाभा) असेल तर त्याचा गाभा कसला आहे तेही विचारा. लंडनच्या २४ मजली ग्रेनफेल टॉवरला नूतनीकरणात पॉलिथिलीन गाभ्याचे पत्रे लावले होते. १४ जून २०१७ च्या आगीत ७२ माणसं गेली.

भाव जास्त मिळतो का? पहिल्या विक्रीत मिळतही असेल. तो पैसा बिल्डरच्या खिशात जातो. मावशी काही फ्लॅट विकणार नाही, ती तिथे राहणार आहे.

तर मावशी, सभेत ते रंगीत चित्र बाजूला ठेवायला सांग. पश्चिमेच्या भिंतीचा सेक्शन (उभा छेद) माग, आरईटीव्हीचा हिशोब सल्लागाराच्या सहीनिशी माग, काचेचा पूर्ण तपशील करारात लिहून घे. गच्चीवरचे अँकर नकाशात दाखवायला सांग. आणि ताबा घेण्याआधी प्रत्येक बाजूच्या सांध्यांवर नळीनं पाण्याचा मारा करून दाखवायला लाव, सभासदांसमोर, आतून कोरडं आहे की नाही ते बघत.