‘इन्स्टंट गीझरच द्यायला हवा होता’ या अभिप्रायाला आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या सल्ल्यावरून आपण बाथरूमसाठी ३ लिटरच्या इन्स्टंट गीझरऐवजी २५ लिटरचा स्टोरेज गीझर घेतला, त्यामुळे वीजबिल वाढले आणि आम्ही महागडी वस्तू गळ्यात मारली, असे आपण लिहिले आहे. इन्स्टंटमुळे २४ ते ३४ टक्के ऊर्जा वाचते, असा आकडाही दिला आहे. तो आकडा खरा आहे. पण तो अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा असून, जिथे मोठी टाकी रात्रंदिवस तापलेली असते आणि गरम पाण्याचा वापर दिवसाला साधारण १५५ लिटरांपर्यंत असतो, अशा घरांसाठी आहे. आपल्या घरी गीझर फक्त सकाळी लागतो.

१५ लिटरची बादली २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला सुमारे ०.४४ युनिट वीज लागतेच, मग ते पाणी टाकीत तापो वा नळापाशी. चौघांच्या आंघोळीला पावणेदोन युनिट धरा. स्टोरेजमध्ये वाया जाते ती टाकीतून बाहेर पडणारी उष्णता, आणि २४ तासांत ती किती जाते हे स्टार लेबलवर छापलेले असते. गीझर दिवसभर चालू राहिला, तर हा भुर्दंड रोज पडतो. म्हणूनच बसवताना आम्ही आग्रहाने सांगितले होते, की आंघोळीआधी अर्धा तास बटण लावावे आणि शेवटच्या माणसाने आत जाण्यापूर्वीच ते बंद करावे, म्हणजे टाकीत गरम पाणी उगाच उरत नाही.

इन्स्टंट सुचवला नाही, कारण आपल्याकडे शॉवर आहे. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर थंडीत मिनिटाला पावणेदोन लिटरही कढत पाणी देत नाही आणि साध्या शॉवरलाही त्याच्या तिप्पट धार लागते. स्वयंपाकघरातल्या सिंकसाठी मात्र इन्स्टंटच योग्य, कारण तिथे दोन-चार लिटरांसाठी टाकी तापवणे ही शुद्ध उधळपट्टी आहे.

आमचा तंत्रज्ञ कोणतेही शुल्क न घेता येईल, थर्मोस्टॅट ५५ अंशांवर आणेल आणि गीझरला स्वतंत्र मीटर जोडून आठवडाभराची नोंद घेईल. ती नोंद हाती आल्यावर बिलातला किती वाटा गीझरचा आहे, ते आपण दोघेही पाहू. सोयीची वेळ दुकानात कळवावी, ही विनंती.