सहा पोरं, एक प्रेस आणि कामगार विमा: कुपवाडच्या दादांना उत्तर

दादा, कमेंट तुम्ही मनापासून लिहिलीय म्हणून उत्तरही सविस्तर देतोय. तुमचं म्हणणं असं की प्रेसवर (साच्यात माल दाबून घडवायचं मशीन) सहाच पोरं, दहाच्या आत म्हणून ईएसआय (सरकारी कामगार विमा) लागत नाही, सगळ्यांचा बँकेतून वर्षाला २० रुपयेवाला विमा (पंतप्रधान सुरक्षा विमा योजना) काढलाय, कुणाला लागलं तर मिरजेला स्वतः घेऊन जाता, मग वर्कमन कॉम्पची पॉलिसी (कामावर अपघात झाला तर मालकानं द्यायची भरपाई भरणारा विमा) म्हणजे नुसती एजंटांची धन.

मिरजेला नेता ते चांगलंच करता, सगळे मालक तेवढंही करत नाहीत. पण ईएसआय नाही म्हणूनच तर भरपाई थेट तुमच्या अंगावर येते हो. १९२३ च्या कायद्यापासून हे चालत आलंय, आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलं तरी देणं मालकाचंच, पॉलिसी असो नसो.

हिशोबच बघा की. पोरगा ३० वर्षांचा, पगार १५,०००, डायखाली (प्रेसच्या साच्याखाली) अंगठा मुळापासून गेला. पगाराचे ६० टक्के ९,०००, गुणिले कायद्याच्या तक्त्यातला वयाचा फॅक्टर २०७.९८, झाले १८,७१,८२०, अंगठ्याचे त्यातले ३० टक्के म्हणजे ५,६१,५४६ रुपये, दवाखाना वेगळा. २० रुपयेवाल्यात मृत्यूला २ लाख, एक हात किंवा पाय कायमचा गेला तर १ लाख, नुसत्या अंगठ्याला काहीच नाही. शिवाय तो विमा त्या पोराचा, तुमचं देणं त्यानं रुपयानंही कमी होत नाही.

"पोरगंच बेसावध असतं" म्हणालात, पण नुसत्या निष्काळजीपणानं भरपाई टळत नाही. दारू प्यायलेला असेल किंवा मशीनचा गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावलेलं संरक्षण) मुद्दाम काढला असेल तर गोष्ट वेगळी, पण जीव गेला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तेही कारण चालत नाही. आणि पीस जास्त निघावेत म्हणून गार्ड काढायला बऱ्याच शेडमध्ये कोण सांगतं ते आपल्या दोघांनाही माहितीय.

आपसात स्टॅम्पवर "तक्रार नाही" लिहून घेतलेलं टिकत नाही. महिन्यात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, वर ५० टक्क्यांपर्यंत दंड, आणि तो दंड विमा कंपनी भरत नाही, तुमच्याच खिशातून जातो.

एजंटांबद्दलचं तुमचं म्हणणं एका बाबतीत मात्र पटलं. प्रीमियम कमी बसावा म्हणून पगार ८,००० दाखवा, चारच माणसं टाका असं सांगणारे आहेत. अजिबात ऐकू नका, क्लेमच्या वेळी कंपनी तोच कागद पुढे करते. खरा पगार लिहा, सहाही जण टाका, अधूनमधून येणारा हेल्परसुद्धा, आणि मेडिकल खर्चाचं कव्हर वेगळं मागून घ्या.