सोलापुरात नवऱ्याला दाखवलंस काय, म्हणे!

नाइट करून सकाळी रूमवर आले, चप्पल काढायच्या आधी फोन बघितला आणि डोकंच फिरलं. फॅमिली ग्रुपवर मी काल नवऱ्याचे फोटो टाकले होते. एकात हा लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्याचं पिंप भरतोय, एकात यंत्रमागाच्या शेडमधे उभा आहे, एकात सिद्धेश्वरच्या तळ्याकाठी माझ्या शेजारी बसलाय. खाली एका नातेवाईक बाईंचा मेसेज, "अगो, एवढो लांबसून बिचारो इलो आणि तू तेका पाणी भरूक लावलंस? पंढरपूर नाय, तुळजापूर नाय, अक्कलकोट नाय, मगे दाखवलंस काय?" आणि त्याच्याखाली चार जणांचे हसणारे चेहरे. एकीने तर लिहिलं, सोलापुरात बघण्यासारखं आहेच काय, चादर घ्यायची आणि परतीच्या गाडीत बसायचं.

तिथे उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं, सासूबाई आहेत त्या ग्रुपवर, म्हणून इथे लिहितेय. झोप तर उडालीच आहे.

नवीन मंडळींसाठी सांगते, मी स्टाफ नर्स, सरकारी भरतीत सोलापूर मिळालं. घर वेंगुर्ल्याकडे. नवऱ्याची काजूची बाग आणि दुकान तिकडे, सासूबाई तिकडे, लेक तिकडच्या शाळेत. पती-पत्नी एकत्रीकरण म्हणतात ते दोघं नोकरीत असतील तर निदान अर्ज तरी करता येतो, काजूची बाग उचलून सोलापूरला आणता येत नाही. त्यामुळे हा याआधी आला तो मला सोडायला नाहीतर सामान पोचवायला, सकाळी उतरला की रात्रीची गाडी. ह्या वेळी पहिल्यांदा बागेचं काम भावावर टाकून निवांत राहायला आला. कोल्हापूरला गाडी बदलून, अख्खी रात्र एसटीत बसून, पायाशी उकड्या तांदळाची पिशवी, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या, सुके बांगडे, आणि लेकीने काढलेलं चित्र चुरगळू नये म्हणून वहीच्या दोन पुठ्ठ्यांत घालून आणलेलं.

मी ठरवलं होतं की संध्याकाळी पहिलं सिद्धेश्वरला जायचं. साडी इस्त्री करून ठेवलेली. आणि निघायच्या वेळेला खालून घरमालकीण बाईंची हाक, "सिस्टर, पाणी आलं ओ!"

सोलापुरात राहणाऱ्यांना ह्याचा अर्थ सांगायला नको. आमच्याकडे पाणी तीन-चार दिवसांआड येतं, कधी पाचव्या दिवशी. उजनीएवढं धरण ह्याच जिल्ह्यात आणि शहराच्या नळाला ही तऱ्हा. पाणी आलं की हातातलं काम टाकायचं, मग पोळी तव्यावर असो नाहीतर अंगावर इस्त्रीची साडी. आमच्या बोळात एकदम सगळ्या दारांतून पाइप बाहेर येतात, मोटारी सुरू होतात, कोणाचा पाइप निसटतो, कोणाची पोरं भिजतात. पहिलं पाणी गढूळ असतं ते धुण्याच्या बादल्यांत घ्यायचं, स्वच्छ यायला लागलं की पिंप, मग हंडा-कळशी, मग कूलरची टाकी, आणि सगळ्यात शेवटी पिण्याचं, फडकं दुहेरी करून गाळून. प्रेशर कधी जाईल सांगता येत नाही म्हणून कोणी कोणाशी बोलतसुद्धा नाही.

हा दोन मिनिटं दारात नुसता बघत राहिला. मग लुंगी खोचली आणि माझ्या हातातला पाइप घेतला. मी साडीतच कळशा वर नेत होते. सगळं भरून झाल्यावर जिन्यात बसला, दमला होता, आणि म्हणाला, "ह्या तू माका कधी सांगूक नाय."

काय सांगायचं? फोनवर रोज बोलतोच की आम्ही. जेवलीस का, जेवले. ड्युटी कशी झाली, झाली बरी. लेक झोपली का, झोपली. आमच्या अंगणात बाव म्हणजे विहीर आहे, वैशाखातसुद्धा तळ दिसत नाही तिचा, त्या माणसाला फोनवर पाण्याचा दिवस काय सांगणार. आणि सांगून त्याला तिकडे घोर लावायचा कशाला, असंही असतंच, लांब राहणारी सगळीच माणसं हे करतात.

म्हणून मला त्या मेसेजचा राग येतोय. तुम्हाला वाटतं नवरा आला म्हणजे त्याला पॉइंट दाखवायचे. अहो, पॉइंट तो यूट्यूबवर बघेल! माझा माणूस माझ्या नोकरीच्या गावी आला तर त्याने बघायचं काय असतं? मी कुठल्या जिन्याने वर जाते, कुठल्या खिडकीशी उभी राहून त्याच्याशी बोलते, ताप आला तर कोण मला पेज आणून देतं, रात्री दोनला वॉर्डातून निघाले तर कुठल्या रस्त्याने येते. हे त्याला माहीत नसेल तर लग्नाची बायको राहते कुठे हेच त्याला माहीत नाही.

आता पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर जवळ आहेत, अक्कलकोट तर 40 किलोमीटरवर, देवदर्शन झालं असतं तर चांगलंच झालं असतं, मान्य. पण मला रजा मिळाली थोडी, आणि ती मला एसटी स्टँडवर घालवायची नव्हती.

आणि सोलापुरात बघण्यासारखं काय आहे हे विचारणाऱ्या बाईंना माझं सांगणं आहे की एकदा या आणि डोळे उघडे ठेवून चाला. दुसऱ्या दिवशी आमच्या वॉर्डातल्या सिस्टर स्वतःहून म्हणाल्या, "जावा ओ, नवरा आलाय, मी बघते", आणि माझी ड्युटी घेतली. घरमालकीण बाईंचे भाऊ यंत्रमाग चालवतात पूर्व भागात, त्यांच्याकडे गेलो. पद्मशाली मंडळी, पिढ्यान्पिढ्या सोलापुरात, घरात तेलुगू आणि बाहेर झकास मराठी. शेडमधे शिरलो आणि ऐकूच येईना, सगळं हातवाऱ्यांवर. धोटा असा सपासप इकडून तिकडे जातोय, वर जकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे माळेसारखे फिरतायत, एकेक पुठ्ठा खाली आला की चादरीवर नक्षीची एकेक ओळ उमटते, आणि मागावर उभ्या असलेल्या काकांच्या भुवयांवर कापसाची पांढरी लव बसलेली. ताण्यातला एक धागा तुटला. त्यांनी माग थांबवला, त्या हजारो धाग्यांतून बरोबर तोच शोधला, दोन बोटांत धरून गाठ मारली, आणि माग परत चालू. डोळ्याला कळायच्या आत. हा पुढे झुकून त्यांच्या बोटांकडेच बघत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, कलम बांधणाऱ्या माणसाचा हात असाच असतो. हे त्याला पंढरपूरच्या रांगेत दिसलं असतं का? 2005 मधे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली चादर आहे ही, आणि विणणारे काका सांगत होते की मुलगा पुण्याला कंपनीत लागलाय, ह्या धंद्यात नको म्हणाला. तेही लांब राहणारंच घर झालं की.

तिथून येताना चार पुतळ्यापाशी थांबलो. ह्याने विचारलं हे कोण, तर मी सांगितलं, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. 1930 च्या मे महिन्यात ह्या गावात मार्शल लॉ लावला होता इंग्रजांनी, आणि 12 जानेवारी 1931 ला ह्या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. नावं पुन्हा एकदा वाच, कुठली कुठली माणसं एकत्र गेलीत. बघण्यासारखं काय आहे म्हणे.

पण मला खरं सांगायचंय ते भैय्या चौकाचं. तिथे डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. नर्सिंगच्या कामामुळे असेल, मला त्या जागेबद्दल फार जिव्हाळा आहे. 1910 मधे इथे सोलापुरात जन्मलेला माणूस, 1938 मधे पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, युद्धातल्या जखमींची ऑपरेशनं करत राहिला, बाकीचे परत आले, हा राहिला. 1941 मधे तिथेच नर्सिंग शिकवणाऱ्या गुओ चिंगलान ह्यांच्याशी लग्न झालं. पुढच्या वर्षी मुलगा झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात डॉक्टर गेले. वय अवघं 32. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा. बायको नंतर भारतात येऊन गेली, पण डॉक्टरांशिवाय. आपल्या गावात तिला हाताला धरून, हे माझं घर, ही माझी शाळा, ह्या तळ्यावर आम्ही जायचो, असं दाखवणं त्या माणसाच्या नशिबात नव्हतं.

हे मी ह्याला सांगत होते आणि सांगता सांगता माझा गळा भरून आला. हा काही बोलला नाही. बाहेर रस्त्यावर आल्यावर मात्र म्हणाला, चल, तू रोज ज्या रस्त्याने ड्युटीला जातेस त्या रस्त्याने जाऊया, रिक्षा नको. उन्हात. सोलापूरचं ऊन काय असतं ते माहिती आहे तुम्हाला, उन्हाळ्यात हे फिरायचं गाव नाही हे मी पण म्हणते. तरी चाललो. मधे टपरीवर चहा घेतला, मी जिथून केळी घेते त्या मावशींना भेटवलं, त्यांनी ह्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि दोन केळी जास्तीची घातली.

आता त्या "बिचाऱ्या" शब्दाबद्दल बोलतेच, कारण तो सकाळपासून डोक्यातून जात नाहीये. आमच्याच नात्यात एक जण बदलीवर लांब आहेत. त्यांची बायको सुट्टीत जाते ती गेल्या दिवसापासून त्यांची खोली झाडते, चादरी धुते, डब्यांत लाडू-चिवडा भरून ठेवते, तेव्हा हाच ग्रुप म्हणतो, बघा कसं घर लावून दिलं नवऱ्याचं! तिला कोणी बिचारी म्हटलेलं मी ऐकलं नाही. तिला कुठले पॉइंट दाखवले हेही कोणी विचारत नाही. आणि माझ्या नवऱ्याने आपल्या बायकोच्या घरचं एक पिंप भरलं तर तो बिचारा आणि मी त्याला कामाला लावणारी? तो स्वतः पाइप धरायला पुढे आला हो! तुम्ही फोटो बघितलात, त्याचं तोंड बघितलंत का? हसतोय तो त्यात.

मी रागाने लिहितेय, कळतंय मला. त्या बाई मनाने वाईट नाहीत, माझ्या बाळंतपणात त्यांनीच मालिश केलेलं. पण लांब नोकरी करणाऱ्या बाईची मजा आहे, एकटी, डोक्याला ताप नाही, हे जे सगळ्यांच्या मनात बसलंय ना, ते ह्या एका मेसेजमधून बाहेर येतं.

शेवटच्या संध्याकाळी गेलो शेवटी सिद्धेश्वरला. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, गावाच्या पंचक्रोशीत त्यांनी स्थापलेली 68 लिंगं, बाजूला भुईकोट किल्ला, सगळं सांगितलं ह्याला. पण खरं दाखवायची होती ती तळ्याकाठची एक जागा. वॉर्डात एखादं लहान पोर हातातून गेलं की मी रूमवर जात नाही, तिथे येऊन बसते. पाण्याकडे बघत. घरी कोणाला हे माहीत नव्हतं. त्याला तिथे बसवलं आणि सांगितलं. अंधार पडेपर्यंत बसलो, मग कडक भाकरी, शेंगा चटणी, दही, आणि ह्याची गाडी.

काल रात्री वॉर्डात असताना ह्याचा फोन आला. एरवी पहिलं वाक्य ठरलेलं असतं, जेवलीस का. काल म्हणाला, "पिंपात पाणी असा मां? उद्या पाण्याचो दिवस." तिकडे वेंगुर्ल्यात बसून त्याने माझ्या नळाचे दिवस मोजले होते. मी औषधांच्या ट्रॉलीला धरून उभी राहिले. मला सांगा, कुठल्या पॉइंटवर नेऊन मला हे मिळालं असतं?

हे लिहीत होते तेवढ्यात सासूबाईंचा फोन येऊन गेला. ग्रुपवर त्या काही बोलल्या नाहीत, पण वाचलेलं सगळं. म्हणाल्या, कोणाकडे लक्ष देऊ नको, "माका पण येवचा असा तुझ्याकडे", झीलगो (म्हणजे त्यांचा मुलगा, माझा नवरा) सांगत होता ती काठ्यांची जत्रा बघायची आहे. राग निम्मा तिथेच उतरला.

तर सोलापूरकर मंडळी, तुमच्याकडे काम आहे. जानेवारीत संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरच्या जत्रेला, दोघं मायलेक येतायत, लेकीला पण घेऊन. सात नंदीध्वज, म्हणजे त्या मिरवणुकीतल्या काठ्या, आणि अक्षता त्यांना नीट दिसायला हवी, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न म्हटल्यावर सासूबाई फोनवर परत परत विचारत होत्या. पण त्यांचे गुडघे दुखतात, त्या गर्दीत उभं राहणं जमणार नाही. मिरवणुकीच्या रस्त्यावर कोणाची गॅलरी, ओटा, दुकानाची पायरी, जिथे एक खुर्ची टाकता येईल अशी जागा असेल तर कमेंटमधे नाहीतर इनबॉक्समधे सांगा. मी त्या दिवशी सकाळची ड्युटी मागून घेतेय, दुपारनंतर मोकळी असेन.